ॲडमिनचा पोळा

जून संपत आला की कंपन्यांच्या पानांवर एक नवा सण उगवतो. ३० जूनचा ‘सोशल मीडिया डे’. मॅशेबल या अमेरिकी संकेतस्थळाने तो २०१० मध्ये काढला आणि आपल्याकडच्या ब्रँड्सनी आनंदाने उचलला. त्या दिवशी एक ठरलेला फोटो येतो. कॉन्फरन्स रूम, टेबलावर केक, भोवती पाचसहा पोरंपोरी, मागे फुगे आणि वर ओळ, ‘आमच्या आवाजामागचे चेहरे’. खाली लोक लिहितात, ‘ॲडमिनला पगारवाढ द्या’. त्यावर ब्रँड डोळा मारणारा इमोजी टाकतो. सगळे हसतात आणि विषय संपतो.

फोटोच्या कडेला जी मुलगी उभी असते, तिनेच आदल्या रात्री ती ओळ लिहिलेली असते. शेजारच्या मुलाने फुग्यांची चौकट डिझाइन केलेली असते, आणि ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणून ती दोनदा परत आलेली असते. डोळा मारणारा इमोजीही त्या दोघांपैकीच कुणीतरी टाकलेला असतो. स्वतःच्या सत्काराची पत्रिका, हार आणि आभारप्रदर्शन सत्कारमूर्तीकडूनच करून घेणारा दुसरा धंदा माझ्या तरी पाहण्यात नाही.

पोळ्याला शेतकरी बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी चारतो आणि त्या दिवसापुरतं तरी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. ॲडमिनच्या पोळ्याला तेवढीही सवलत नाही. केक कापून झाला की संध्याकाळची सहाची पोस्ट असतेच.

ब्रँड्सनी आपल्या सोशल मीडियामागच्या माणसांचं कौतुक कसं करावं, यावर हल्ली सल्ल्यांचा पूर आला आहे. वाढदिवसाची पोस्ट टाका, ‘पडद्यामागे’ म्हणून रील काढा, ‘महिन्याचा क्रिएटर’ जाहीर करा. या सगळ्या सल्ल्यांच्या तळाशी एक पक्कं मत बसलेलं आहे. ते उघड कुणी लिहीत नाही, मीटिंगांमध्ये मात्र बिनदिक्कत बोललं जातं. आवाज ब्रँडचा असतो, माणसाचा नसतो. ही मुलं हुशार, पण आज इथे तर उद्या तिथे. नाव पुढे आणलं की डोक्यात हवा जाते, दुसरी एजन्सी पळवते, नाहीतर ट्रोल मागे लागतात. आणि काम तरी काय? दिवसभर मोबाइल बघायचे पैसे मिळतात! तेव्हा वर्षातून एकदा केक, अधूनमधून शाबासकी, एवढं पुष्कळ झालं.

यातल्या मोबाइलच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीची सगळी त्याच्याच जोरावर उभी आहेत.

मोबाइल बघायचे पैसे. रतन टाटा गेले ते ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री उशिरा. नवरात्र चालू होतं, दसरा तीन दिवसांवर होता. अशा दिवसांत कुठल्याही ब्रँडच्या खात्यावर सेलच्या, सवलतीच्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या पोस्ट आठवडाभर आधीच वेळ लावून ठेवलेल्या असतात. बातमी आली की त्या सगळ्या थांबवायच्या. एक जरी चुकून सुटली तरी सकाळी तिचे स्क्रीनशॉट गावभर. मग श्रद्धांजली टाकायची की नाही हे ठरवायचं. टाकायची तर त्यात लोगो किती दिसावा? दिसला तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्यासारखं होतं, नाही दिसला तर क्लायंट विचारतो की आपण कुठे आहोत. हा तोल मध्यरात्री कुणी सांभाळला असेल? मार्केटिंगच्या उपाध्यक्षांनी? लता मंगेशकर गेल्या तो दिवस, ६ फेब्रुवारी २०२२, रविवार होता. त्या रविवारी सुट्टी कुणाची गेली, हे कुठल्या ‘पडद्यामागे’ रीलमध्ये दिसलं का?

आणि हे झाले मोठे दिवस. रोजचा दिवस इनबॉक्समध्ये जातो. पार्सल न मिळालेला माणूस तिथे येतो, फ्रीज बंद पडलेला येतो, पैसे अडकलेला येतो. कंपनीत ज्याच्यामुळे ते अडकले, तो केबिनमध्ये सुरक्षित असतो. शिव्या खातो तो या साखळीतला सगळ्यांत कमी अधिकाराचा माणूस, आणि त्याने उत्तर द्यायचं ते ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आपला ऑर्डर क्रमांक कळवा’ एवढंच.

काही वेळा तर अपराध आपल्या कंपनीचासुद्धा नसतो. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांनी भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला, तेव्हा संतापलेल्या देशबांधवांनी नामसाधर्म्यामुळे स्नॅपडीलच्या ॲपलाही एकेकच तारा दिला. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर रागावलेल्या काहींनी मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या ॲपखाली राग काढला. आपण या गोष्टी विनोद म्हणून सांगतो. आम्ही ते नव्हे, हे नम्रपणे समजावत बसण्याचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना विनोद जरा उशिरा कळत असणार.

बरं, हे काम पोरासोरांचं असेल, तर ते पोरासोरांकडून गेल्यावर साहेबांची तारांबळ का उडते? ब्रिटनमधली एचएमव्ही ही जुनी संगीतविक्रेती कंपनी २०१३ च्या जानेवारीत बुडायला आली. ३१ जानेवारीला बऱ्याच कर्मचाऱ्यांना एकदम नारळ देण्यात आला. कंपनीचं ट्विटर खातं सांभाळणारी तरुणीही त्यांत होती. तिने त्याच खात्यावरून, मनुष्यबळ विभागातून, काढून टाकण्याचं थेट प्रक्षेपण केलं. जगभर गाजलेला भाग पुढचा आहे. ट्विटर बंद कसं करायचं, असं मार्केटिंगचे संचालक विचारताहेत, हेही त्याच खात्यावरून जगाला कळलं. म्हणजे ज्या खात्यावर कंपनीची अब्रू टांगलेली होती, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे कंपनीच्या मार्केटिंग संचालकालाच ठाऊक नव्हतं! समाजमाध्यमांचं महत्त्व कंपनीला पटवण्यासाठी आपण सतत झटत होतो, असं त्या तरुणीने नंतर लिहिलं. ते त्या एका दुपारी पटलं.

‘इंटर्नने केलं’ ही सबब याच मताची धाकटी बहीण. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्सच्या असंख्य ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट’ असं शीर्षक असलेला रिकामा चाचणी-ईमेल गेला. कंपनीच्या मदत खात्याने ट्विटरवर लिहिलं की हो, खरंच इंटर्नच होता, आणि आम्ही त्याला सावरतो आहोत. जग हेलावलं. लोकांनी त्या अनाम इंटर्नला धीराची पत्रं लिहिली, आपापल्या चुका सांगितल्या. मलाही ती वाचून बरं वाटलं. पण इंटर्नच्या एका बोटाने इतक्या ग्राहकांना पत्र जाऊ शकेल अशी व्यवस्था लावणारा वरिष्ठ कोण होता? त्याला कुणी धीर दिला नाही, कारण त्याच्याकडे कुणी बोटच दाखवलं नाही. चांगलं झालं की ‘आमची टीम’, वाईट झालं की ‘इंटर्न’. यशाचं श्रेय अनेकवचनी आणि अपयशाचं एकवचनी, हे व्याकरण सगळ्या कंपन्यांना न शिकवता येतं.

आता तो ‘ब्रँडचा आवाज’. हा मुद्दा मांडताना माणसं विशेष गंभीर होतात. आवाज एकसंध राहिला पाहिजे, त्यामागचा माणूस दिसला की जादू जाते, असं म्हणतात.

मुंबईत राहून हे बोलण्याचं धाडस कसं होतं? अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे. सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांनी ती कल्पिली, युस्टेस फर्नांडिस यांनी चितारली. पुढे राहुल दा कुन्हा, ओळी लिहिणारे मनीष झवेरी आणि चित्रं काढणारे जयंत राणे या तिघांनी ती वर्षानुवर्षं चालवली. ही नावं गुपित नाहीत. त्यांच्या मुलाखती छापून आल्या आहेत, जून २०२३ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा गेले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे मृत्युलेख छापले. त्यामुळे मुलगी म्हातारी झाली का? लोणी कमी खपलं? ताज्या घटनेवर लगेच जाहिरात करण्याला आज ‘मोमेंट मार्केटिंग’ म्हणून डोक्यावर घेतात, ते समाजमाध्यमं जन्मायच्या कितीतरी आधी या मंडळींनी रंगाच्या डब्यांनिशी करून दाखवलं. आणि अमूलच्या व्हर्गीस कुरियन यांनी केलेलं त्यांचं सर्वांत मोठं कौतुक कुठलं होतं? जाहिरात आधी आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या, ही अट त्यांनी ठेवली नाही. एका कॅप्शनसाठी सात जणांच्या मंजुऱ्या मागणाऱ्या आजच्या ब्रँड मॅनेजरने हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

अमूलचं सोडा. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले आणि पोलीसही कोटी करू शकतात हे शहराला कळलं. त्या खात्यामागे पोलीस दलातल्या अधिकाऱ्यांबरोबर बाहेरून सल्लागार म्हणून आलेल्या सुंचिका पांडे होत्या, हे वर्तमानपत्रांतून अनेकदा आलं. त्यामुळे पोलिसांचा दरारा कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पोलिसांना जे जमतं ते बिस्किटं विकणाऱ्यांना का झेपू नये?

नाव कळलं की पळवून नेतात, ही भीती मात्र खरी आहे. नेतातच. पण जाहिरात क्षेत्राला हे नवीन आहे का? गोव्यात वर्षानुवर्षं भरत आलेल्या गोवाफेस्ट या जाहिरात-महोत्सवात ॲबी पुरस्कारांच्या प्रवेशिकांवर लेखक, कलादिग्दर्शक, छायाचित्रकार यांची नावं रीतसर असतात. त्या नावांवर माणसं नोकऱ्या बदलतात, पगार वाढवून घेतात. नाव लपवून माणूस टिकवणं म्हणजे त्याची किंमत बाजाराला कळू न देणं. याला संस्कृती जपणं म्हणतात की स्वस्तात घेणं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ठरवलं आहे.

राहिला ट्रोलांचा मुद्दा. समोरच्यांकडचा एवढाच एक वजनदार मुद्दा आहे, म्हणून तो नीट बघू. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय डोहाळजेवणाची जाहिरात दाखवली आणि गदारोळ झाला. कंपनीशी संबंधित माणसांची नावं-फोटो शोधून फिरवण्यापर्यंत मजल गेली. आपले कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतले लोक यांच्या हिताचं कारण देत तनिष्कने जाहिरात मागे घेतली. तेव्हा नाव सगळ्यांचं, सगळीकडे छापा असं मी म्हणणार नाही. नाव द्यायचं की नाही हे त्या माणसाने ठरवावं.

पण लपवणं म्हणजे संरक्षण, हे मात्र साफ खोटं. तनिष्कच्या वेळी ज्यांना शोधायचं होतं त्यांनी शोधलंच. संरक्षण म्हणजे धमकी आली तर पोलिसांत तक्रार कंपनीच्या वकिलाने करायची. घाणेरड्या शिव्यांच्या पाळीनंतर दुसऱ्या माणसाला बसवायचं. वादग्रस्त पोस्ट कुणाच्या मंजुरीने गेली हे कागदावर ठेवायचं आणि वादळ आलं की मंजुरी देणाऱ्याने पुढे यायचं. यातलं काही न करता ‘आम्ही तुमचं नाव लपवलं’ म्हणणं म्हणजे छत्री न देता पावसात उभं करायचं आणि वर सांगायचं की बघ, अंधार आहे, तू भिजलेला कुणाला दिसणार नाहीस.

पावसाचा निर्णय तर कधीच त्याचा नसतो. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपचं हिरवं घुबड टिकटॉकवर तुफान चाललं, त्यामागे झारिया परवेझ ही कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली तरुणी होती. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख लुईस फॉन आन यांनी यापुढे आधी एआय, असं धोरणपत्र काढलं. लोक भडकले. पण त्यांनी झोडपलं कुठे? घुबडाच्या व्हिडिओंखाली. मे महिन्यात कंपनीने त्या खात्यावरच्या पोस्टच काढून टाकल्या. धोरण वरच्या मजल्यावर ठरलं आणि वर्षांची मेहनत खालच्या मजल्यावर पुसली गेली. ते पत्र जाहीर करण्याआधी, लोकांचा कल रोज वाचणाऱ्या त्या टीमला कुणी विचारलं असेल का, मला शंका आहे. या टीम्सना खोलीत बोलावतात ते निर्णय झाल्यावर, ‘आता हे गोड करून सांगा’ म्हणायला.

मराठीच्या बाबतीत तर खोलीत बोलावतच नाहीत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, हे ब्रँडला २६ च्या संध्याकाळी आठवतं. इंग्रजी ओळ येते, सोबत सूचना येते की ‘पंच तोच ठेवा, फक्त मराठी करा’. अशी कामं मीही केली आहेत, म्हणून सांगतो, तो पंच मराठीत ठोसा बसत नाही, नुसता धक्का लागतो. मग डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शुभेच्छा’मधलं जोडाक्षर फुटतं. ते ज्या मुलीला दिसतं तिचा मंजुरीच्या साखळीत नंबरच नसतो. ती सांगते, कुणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीआम्ही त्या फुटक्या अक्षराचा स्क्रीनशॉट फिरवतो आणि लिहितो, ‘कोण बसवलंय यांनी?’ बसवलेलं बरोबर असतं. तिला उभं राहून बोलायची मुभा नसते, एवढंच.

‘आवड म्हणून करतात, त्यांना तास मोजलेले आवडत नाहीत,’ हेही ऐकायला मिळतं. न आवडणारे मला अजून भेटायचे आहेत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला, त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि वर काम केलं तर दुप्पट दराने मोबदला, अशी तरतूद होती. व्यवस्थापकीय पदांना त्यातून सूट. आता बघा, बाविसाव्या वर्षी, हाताखाली एकही माणूस नसताना, या मुलांना व्हिजिटिंग कार्डावर ‘सोशल मीडिया मॅनेजर’ का म्हणतात! सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं, तेव्हा त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. त्या चेष्टेच्या पोस्ट कदाचित काही ब्रँड्सनीही टाकल्या असतील, रात्री अकरा वाजता, कुणाच्या तरी बोटांनी.

आणि कौतुक फुकट असतं, हा गैरसमज तर ब्रँड्सना स्वतःला कधीच नव्हता. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकलं. तिच्याशी काडीचा करार नसलेल्या अनेक ब्रँड्सनी तिचं नाव-चित्र वापरून अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. तिचं व्यवस्थापन पाहणाऱ्या बेसलाइन व्हेंचर्सने त्यांच्यावर कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. बरोबरच केलं. ते अभिनंदन नव्हतं, ती पदक जिंकणाऱ्याच्या खर्चाने केलेली जाहिरात होती. केकचा फोटो याहून वेगळा आहे का? त्यातही चेहरे त्यांचे, मेहनत त्यांची आणि ‘किती माणुसकीची कंपनी!’ ही वाहवा ब्रँडची. फरक इतकाच की सिंधूकडे नोटीस पाठवणारं कुणीतरी होतं.

खरं कौतुक कसं दिसतं? २०११ सालच्या दोन गोष्टी, महिन्याभराच्या आत घडलेल्या. फेब्रुवारीत अमेरिकन रेड क्रॉसच्या खात्यावर एक ट्वीट गेलं. डॉगफिश हेड या कंपनीची बिअर सापडली, आता पार्टी, अशा अर्थाचं. कर्मचाऱ्याने ते आपलं खातं समजून संस्थेच्या खात्यावर टाकलं होतं. रेड क्रॉसने ते काढलं आणि लिहिलं की संस्था शुद्धीवर आहे, गाडीच्या किल्ल्या जप्त केल्या आहेत. नोकरी कुणाचीच गेली नाही. उलट बिअर पिणाऱ्यांनी त्याच हॅशटॅगने रेड क्रॉसला देणग्या दिल्या. मार्चमध्ये क्रायस्लर या मोटारकंपनीच्या खात्यावरून डेट्रॉइटच्या चालकांना गाडी चालवता येत नाही अशा अर्थाचं, शिवीसकट ट्वीट गेलं. ते एजन्सीच्या माणसाकडून, आणि तेही खातं चुकूनच. एजन्सीने त्याला काढला, क्रायस्लरने एजन्सीशी पुढचा करार केला नाही. शिवी बिअरपेक्षा वाईट, हे मान्य. पण चूक एकाच जातीची होती, आणि त्यातल्या एका संस्थेने आपल्या माणसामागे उभं राहून अब्रूही राखली आणि पैसेही मिळवले.

तेव्हा येत्या ३० जूनला फोटो काढण्याआधी एवढ्याची उत्तरं लेखी द्या. वर्षभरात रात्री दहानंतर गेलेल्या पोस्टचे पैसे कुणाला दिले? रविवारी ज्याला उठवलं त्याला बदली सुट्टी मिळाली का? गाजलेल्या मोहिमेच्या पुरस्कार-प्रवेशिकेत ओळ लिहिणाऱ्याचं नाव आहे, की फक्त तिला हो म्हणणाऱ्यांची? शिव्यांचा इनबॉक्स एका माणसाकडे सलग किती आठवडे होता? पुढचं धोरण जाहीर करण्याआधी त्या खोलीत त्याची खुर्ची असेल का? आणि ‘ॲडमिनला पगारवाढ द्या’ असं हजारो ग्राहकांनी लिहिलं होतं, ज्यांचं म्हणणं तुम्ही एरवी देववाणी मानता, त्या मागणीवर मानवसंसाधन विभागाने काय टिपण लिहिलं? उत्तरं तयार असतील तर खुशाल फोटो काढा, केक मोठा आणा. फक्त त्या फोटोखालची ओळ या वर्षी तुमच्या उपाध्यक्षांनी स्वतः बसून लिहावी, तीही मंजुरीसाठी त्या कडेला उभ्या असलेल्या मुलीकडे पाठवावी आणि तिने दोनदा परत केली तर निमूटपणे सुधारून द्यावी.